‘नवा रीमास्टर बिघडवला’ असं कोणी म्हटलं, तर आधी विचारा: कोणती टेप?

प्रश्न धुळ्याहून आला आहे. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना रूममेटच्या नादानं प्रोग्रेसिव्ह रॉक (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत) ऐकायला लागलो, आता नोकरी लागली, बऱ्यापैकी हेडफोन घेतले आणि किंग क्रिमसन, जेनेसिस, पिंक फ्लॉइड यांचे अल्बम एकेक करून जमवायचे आहेत. पण प्रत्येक अल्बमच्या चार-पाच आवृत्त्या निघाल्यात. एकाच आवृत्तीबद्दल एक जण म्हणतो ‘कानावरचा पडदा उठला’, दुसरा म्हणतो ‘गाण्याचा जीव घेतला’. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही ऐका. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. तीस वर्षं मी जळगावात रेकॉर्डिस्ट आहे. अहिराणी गाणी, लग्नाचे बँड, निवडणुकीच्या रिक्षांवरचा प्रचार, सगळं केलंय. गेली पंधरा-सोळा वर्षं निम्मा वेळ लोकांच्या जुन्या स्पूल आणि कॅसेटी डिजिटल करून देण्यात जातो. म्हणजे जे काम इंग्लंडातल्या स्टुडिओत क्रिमसनच्या टेपवर होतं, तेच फार लहान प्रमाणात मी इथे करतो. ज्या चुका तिकडे झाल्या त्यातल्या बऱ्याच मीही केल्यात, म्हणून थोडं अधिकारानं लिहितो.

पहिला घोळ शब्दाचा. लोक सर्रास ‘रीमास्टर’ म्हणतात, पण निम्म्या वेळा ते रीमिक्सबद्दल बोलत असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर भरताचं उदाहरण घ्या. वांगी पऱ्हाट्यांवर भाजली, ठेचली, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात पडली, सगळं एकजीव झालं. हे झालं मिक्स, दोन चॅनेलचं. मास्टरिंग म्हणजे पंगतीत वाढण्याआधी वरून केलेली डागडुजी: मीठ कमी असेल तर चिमूटभर टाका, तिखट झालं असेल तर तेल सोडा. पण घातलेली मिरची वेचून काढता येत नाही. रीमास्टर करणाऱ्यालाही गाण्यातली बासरी उचलून पुढे आणता येत नाही. बासरी वर आणायला ट्रेबल वाढवला की झांजाही त्याच्याबरोबर वर येतात. रीमिक्स करणाऱ्याच्या हाती मात्र भाजलेली वांगी, मिरची, लसूण वेगवेगळ्या वाट्यांत लागलेले असतात, म्हणजे आठ किंवा सोळा ट्रॅकच्या मूळ टेप. तो भरीत पुन्हा कालवतो. आता तुमच्या आईच्या हातचं भरीत दुसऱ्या कुणी त्याच जिनसांतून केलं, तर त्याबद्दल घरात किती मतं पडतील?

जेथ्रो टल या बँडच्या १९७१ च्या ‘अ‍ॅक्वालंग’बद्दल मतं फारशी पडत नाहीत. हा अल्बम लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवरच्या नव्याकोऱ्या आयलंड स्टुडिओत रेकॉर्ड झाला, तिथली यंत्रणा अजून बसायची होती, आणि मूळ मिक्स कायम घुसमटलेलं वाटायचं. खुद्द बँडचे गायक इयान अँडरसन त्याबद्दल कुरकुर करत आले. वर्षानुवर्षं लोक रीमास्टर काढत राहिले, पण मिक्समध्येच कोंदटपणा असल्यावर वरून कितीही तेल सोडा. २०११ मध्ये स्टीव्हन विल्सन या संगीतकारानं, जुन्या अल्बमच्या रीमिक्ससाठीच नावाजलेल्या, मूळ ट्रॅकवरून रीमिक्स केलं तेव्हा कुठे खोलीची खिडकी उघडली. ‘पडदा उठला’ हे वाक्य मी इथे बिनशर्त मान्य करतो.

दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा: कोणत्या टेपवरून? तुम्ही धुळ्याचे, राजवाडे संशोधन मंडळ तुमच्या गावात, तेव्हा तुम्हाला हे लगेच पटेल. पोथीची नक्कल करताना लेखनिक एखादा शब्द गाळतो, पुढचा आपला एक घालतो. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती याच कारणानं, आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपली प्रत छापली तीही अधिक जुना पाठ हाती लागला म्हणून. टेपचंही तसंच. मास्टरवरून, म्हणजे अंतिम मिक्सच्या मूळ टेपवरून, एक नक्कल काढली की टेपचा स्वतःचा सूं-सूं आवाज साधारण तीन डेसिबलनं वाढतो, वरच्या पट्टीतली धार बोथट होते. नकलेची नक्कल काढली की आणखी. सत्तरच्या दशकात प्रत्येक देशातल्या कंपनीला एलपी छापायला अशाच नकला धाडल्या जायच्या. त्यातल्या काही तर खास एलपीची चरी कापण्यासाठी बास कमी करून बनवलेल्या असायच्या. ऐंशीच्या दशकात सीडी आली तेव्हा घाईघाईत जी टेप कपाटात पुढे सापडली ती वापरली. मग लोक म्हणू लागले, सीडीचा आवाज कोरडा! सीडी बिचारी जे दिलं ते इमानदारीनं सांगत होती.

किंग क्रिमसनच्या ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’चं (१९६९) हेच झालं. बरीच वर्षं तो दुय्यम नकलांवरूनच सीडीवर येत राहिला. २००२ मध्ये पहिल्या पिढीची स्टिरिओ मास्टर टेप सापडली आणि २००४ ची आवृत्ती तिच्यावरून निघाली. म्हणजे १९९० ची सीडी ऐकून कोणी ‘या अल्बमचा आवाज मुळातच धुरकट’ असं लिहिलं असेल, तर तो माणूस खोटारडा नव्हता. त्याच्या हाती पोथीची नक्कल होती. मग २००९ मध्ये विल्सननं क्रिमसनचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांच्याबरोबर बसून आठ ट्रॅकच्या टेपवरून रीमिक्स केलं. त्या काळी आठ ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या रिळावर उतरवायचे आणि मोकळ्या ट्रॅकवर पुढचं वाद्य घ्यायचे. विल्सननं उतरवण्याआधीची मूळ रिळं शोधून संगणकावर एकमेकांशी जुळवली. त्यामुळे त्या रीमिक्समध्ये काही वाद्यं १९६९ च्या मास्टरपेक्षाही मूळ वादनाला एक पिढी जवळची, ताजी ऐकू येतात. हे कळलं तेव्हा मी दुकान लवकर बंद करून ऐकत बसलो होतो. १९६९ साली खुद्द बँडनंही एवढं स्वच्छ ऐकलं नसेल.

पण नाथांनी बजावलं होतं ना, की यात जो आपली ओवी घालेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली म्हणून समजा. रीमिक्सवाले ओवी घालत नाहीत, पण कधी गाळतात. त्याच २००९ च्या रीमिक्समध्ये ‘मूनचाइल्ड’मधला संथ, उत्स्फूर्त भाग काही मिनिटांनी कापला गेला. पूर्ण रूप त्याच संचात जादा म्हणून दिलंय, हे खरं. काही ऐकणाऱ्यांना कापलेलं बरं वाटलं, काहींनी बोटं मोडली. मी बोटं मोडणाऱ्यांत आहे. तो भाग कंटाळवाणा आहे हे मान्य, पण तो त्या अल्बमचा कंटाळा आहे. याउलट १९७० च्या ‘लिझर्ड’बद्दल फ्रिप स्वतः वर्षानुवर्षं चांगलं बोलत नसत, आणि विल्सनचं रीमिक्स ऐकल्यावर त्यांचंच मत पालटलं. दोन्ही घटना एकाच वर्षातल्या, माणसंही तीच. म्हणून ‘विल्सनचं आहे म्हणजे चांगलंच’ किंवा ‘रीमिक्स म्हणजे पाप’ असं एकगठ्ठा मत देणाऱ्याला मी फारसं मोजत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. चोपड्याकडचे एक गृहस्थ त्यांच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट घेऊन आले. ऐंशीच्या दशकात घरातल्या टू-इन-वनवर भरलेली. हिस (टेपचा तो सूं-सूं आवाज) भरपूर, टेप हेडवर दाबून धरणारं प्रेशर पॅड गळून पडलेलं, हेडचा कोन चुकीचा. मी नवीन नॉइज रिडक्शनचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, हात शिवशिवत होते. पॅड बसवलं, अझिमथ, म्हणजे हेडचा कोन, जुळवला, आणि मग हिस असा काढला की आजीबाई स्टुडिओत बसून गातायत असं वाटावं. माणूस ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, ‘आवाज आजीचाच आहे, पण आजी दळत नाहीये.’ जात्याची घरघर आणि टेपचा हिस सॉफ्टवेअरला सारखाच दिसला होता. दोन्ही सतत चालणारे, रुंद पट्टीतले आवाज. मी जातंच पुसून टाकलं होतं. पुन्हा केलं, हिस राहू दिला, पैसे घेतले नाहीत.

नव्वदच्या दशकातल्या कित्येक रीमास्टरवर जाणत्या ऐकणाऱ्यांचा राग आहे तो याच जात्याचा. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये तर हा धोका दुप्पट, कारण मेलोट्रॉन. दिसायला हे पेटीसारखं वाद्य, पण प्रत्येक पट्टीखाली खऱ्या व्हायोलिनची किंवा कोरसची रेकॉर्ड केलेली टेपची फीत असते. पट्टी दाबली की ती टेप हेडवरून सरकते, आणि आठेक सेकंदांत संपते. म्हणजे मेलोट्रॉनच्या सुरातच टेपचा हिस आणि हलकीशी थरथर मिसळलेली असते. तो हिस त्या वाद्याचा श्वास आहे. शांत प्रस्तावनेत मेलोट्रॉन सुरू होताना मागे काहीच ऐकू आलं नाही, आवाज काचेवरून पुसल्यासारखा आला, तर समजा कोणीतरी जातं पुसलंय. ‘नवी आवृत्ती किती स्वच्छ!’ असं कौतुक वाचलं की मला म्हणूनच थोडी धास्ती वाटते.

मोठ्या आवाजाबद्दल इथे कोणाला काय सांगायचं! आमच्याकडे अहिराणी गाणं मास्टर करायला निर्माता येतो तो डीजेवाल्याला बरोबर घेऊन. त्याचं म्हणणं ठरलेलं: ‘आवाज मोठा पाहिजे भाऊ, मंगच मजा येस.’ वरातीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बेस लागल्यावर त्याचं गाणं आधीच्या गाण्यापेक्षा हळू वाजलं तर त्याची इज्जत जाते. त्याचं चूक नाही, वरातीसाठी तेच बरोबर. पण डिजिटलमध्ये शून्य डेसिबल म्हणजे स्लॅब, त्याच्या वर मजला नाही. सगळं गाणं स्लॅबला टेकवायचं तर उंच माणसांच्या मुंड्या वाकवाव्या लागतात. ड्रमचा ठोका म्हणजे हा उंच माणूस. लिमिटरनं, म्हणजे आवाजाची शिखरं दाबणाऱ्या साधनानं, तो दाबला की ठोका उरतो, ठोसा जातो. वीस मिनिटांचं गाणं जिथे कुजबुजीतून सुरू होऊन गडगडाटावर पोचायचं, तिथे कुजबुजच गडगडाटाइतकी मोठी झाली तर पोचायचं कुठे?

याचं सर्वांत उघड उदाहरण जुन्या अल्बमचं नाहीच. रश या बँडचा २००२ चा ‘व्हेपर ट्रेल्स’ पहिल्यापासूनच इतका ठासून भरला होता की लाटांचे शेंडे कापले गेले, वाद्यं एकमेकांवर घासू लागली. बँडनंही नंतर ते कबूल केलं आणि २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलकडून अख्खा अल्बम रीमिक्स करून घेतला. दोन्ही मिळाले तर पहिलं गाणं लागोपाठ ऐका, एवढा चांगला धडा मी शिकाऊ पोरांनाही दुसरा देऊ शकलेलो नाही. जेनेसिसचे २००७-०८ चे संच मात्र अवघड प्रकरण. निक डेव्हिस या ध्वनितंत्रज्ञानं केलेली ती रीमिक्स आहेत, तरी दुकानदार आणि ऐकणारे दोघंही त्यांना रीमास्टर म्हणतात. तपशील खरंच उघडा झालाय, गायक पीटर गॅब्रिएलच्या काळातल्या गाण्यांत शब्द कळू लागलेत. पण स्टिरिओ सीडी दाबून मोठी केलीय, अर्ध्या तासात कान थकतात. म्हणून ‘उत्तम झालं’ म्हणणारा मिक्सबद्दल बोलतो, ‘वाट लावली’ म्हणणारा मास्टरिंगबद्दल बोलतो, आणि दोघं एकमेकांना बहिरं ठरवतात.

हल्ली लोक डीआरचा (हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतराचा) आकडा तोंडावर फेकतात: जुन्या सीडीचा बारा, नवीचा सात, संपला विषय. आकडा उपयोगी आहे, पण एलपीवरून काढलेला आकडा सीडीच्या आकड्याशेजारी ठेवू नका. चरीत कापताना आणि सुईनं वाचताना लाटेचा आकार थोडा बदलतो, शिखरं उंचावतात, आणि तीच मास्टर वापरली असली तरी एलपीचा आकडा फुगून येतो. या आकड्याच्या जोरावर ‘एलपीचं मास्टरिंग वेगळं आहे’ म्हणून दुप्पट पैसे मोजलेले लोक मी पाहिलेत.

आणि ऐकणारा कुठे बसून ऐकतो? मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर, खिडकीत कूलर घरघरतोय. त्या घरघरीखाली क्रिमसनचा निम्मा अल्बम बुडतो. अशा खोलीत दाबून मोठी केलेली आवृत्तीच ‘स्पष्ट’ वाटणार. एसटीत इअरफोन लावून ऐकणाऱ्यालाही तसंच. त्याचं मत त्याच्या खिडकीच्या सीटसाठी शंभर टक्के खरं आहे. (जाता जाता: चिकट झालेल्या जुन्या टेप पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास भाजून घेतात, म्हणजे बाइंडरमधली (टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थातली) ओल निघून ती एकदा तरी वाजते. आमच्याकडे एक जण म्हणाला, मग गच्चीवर ठेवू का? नका ठेवू.)

शेवटी आठवण. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर काका होते, त्यांच्या एलपीवरून मी ‘डार्क साइड ऑफ द मून’ कॅसेटवर भरून घेतली आणि कॉलेजची तीन वर्षं तीच ऐकली. पुढे पहिल्यांदा सीडी ऐकली आणि मला ती ढिली, उदास वाटली. चार मित्रांना सांगितलं, सीडीत जान नाही. बऱ्याच वर्षांनी ती कॅसेट स्वतःच डिजिटल करताना उलगडा झाला. माझा टेपरेकॉर्डर जोरात पळत होता, जवळजवळ अर्धा सूर चढा. मी घरच्या पेटीवर ती गाणी बसवायचो ती सगळी चुकीच्या पट्टीत होती. अजूनही मूळ अल्बम लावला की पहिली दोन मिनिटं माझे कान म्हणतात, हळू चाललंय. पिंक फ्लॉइडच्याच ‘अ‍ॅनिमल्स’चं (१९७७) जेम्स गथ्री या ध्वनितंत्रज्ञानं २०१८ मध्ये रीमिक्स केलं, अल्बमसोबत छापायच्या मजकुरावरून बँडमधल्या वॉटर्स-गिलमोर यांचं वाजलं आणि ते २०२२ मध्ये बाहेर आलं. त्यात बास आणि ड्रम मोकळे झालेत. जुन्या मंडळींना मूळचा काळवंडलेला आवाजच हवा, तो त्या अल्बमच्या रागाला शोभतो म्हणतात. मला नवं आवडतं. पण ‘अ‍ॅनिमल्स’ मी उशिरा ऐकला, माझ्याकडे त्याची पळणारी कॅसेट नव्हती, हेही लक्षात घ्या.

तुम्ही स्वतः तुलना करणार असाल तर एकच अट पाळा, आवाजाची पातळी सारखी करा. अर्ध्या-एक डेसिबलनं मोठी असलेली फाइल माणसाला ‘मोठी’ वाटत नाही, ‘चांगली’ वाटते. बास भरलेला, ट्रेबल चमकदार वाटतो, कारण आवाज वाढला की दोन्ही टोकांना कान जास्त दाद देतो. संगणकावर फूबार हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर टाका, त्यातल्या रीप्लेगेन या सोयीनं पातळी जुळवा, त्याचा एबीएक्स हा आंधळ्या तुलनेचा घटक वापरून कोणती कोणती हे न बघता दहा-बारा वेळा ओळखा. मीही नापास झालोय, दोन आवृत्त्यांवर तावातावानं बोलून झाल्यावर. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसवर (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) सगळं सारखं करतं, त्यामुळे दाबलेल्या रीमास्टरचा मोठेपणाचा फायदा तिथे निघून जातो आणि तो नुसता चपटा उरतो. तिथे तुलना करायला हरकत नाही, फक्त नावापुढे कोणत्या सालची आवृत्ती लिहिलीय ते पाहून घ्या. जुनी सीडी रिप करणार असाल तर आणखी एक: ऐंशीच्या दशकातल्या काही सीडींत प्री-एम्फसिस, म्हणजे मुद्दाम वाढवून भरलेला ट्रेबल, आहे. प्लेयर तो आपोआप उतरवतो, रिप करणारं सॉफ्टवेअर बहुधा नाही. मग फाइल कर्कश निघते आणि शिव्या त्या आवृत्तीला पडतात.

खरेदीचं विचाराल तर क्रिमसन आणि टलची विल्सनची रीमिक्स डोळे मिटून घ्या, पण ज्या संचात मूळ मिक्सही दिलंय असाच संच घ्या. ‘मूनचाइल्ड’ पूर्ण ऐका. यस या बँडचा ‘क्लोज टू द एज’ विल्सनच्याच २०१३ च्या रीमिक्समध्ये घ्या, तोही मूळ मिक्ससकट. जेनेसिससाठी १९९४ च्या सीडी जुन्या बाजारात स्वस्तात मिळाल्या तर आधी त्या घ्या, २००७-०८ चा संच मित्राकडून मागून ऐका आणि मग ठरवा. ‘व्हेपर ट्रेल्स’ फक्त २०१३ चा. ‘डार्क साइड’ जी हाताला लागेल ती घ्या, त्या टेपवर अ‍ॅलन पार्सन्स या रेकॉर्डिस्टनं इतकं नीट काम केलंय की ती बिघडवायला खास मेहनत लागते.

जळगावला आलात तर गोलाणी मार्केटच्या बाजूला माझी खोली आहे, तुमच्या सीडी घेऊन या, शेजारी शेजारी लावून ऐकू. फक्त मेमध्ये येऊ नका. ऐकताना कूलर बंद ठेवावा लागतो.